मेन बेअरिंग बसवताना या चुका टाळा

मेन बेअरिंग म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, क्रँक, ज्या आधारांवर फिरतो ते. नवीन मेन बेअरिंग टाकून बांधलेलं इंजिन थोड्याच दिवसांत पुन्हा ठोकायला लागलं, की पहिला संशय बेअरिंगवर जातो. "माल डुप्लिकेट निघाला," असं ठरवून मंडळी मोकळी होतात. कधीकधी तो खरंच डुप्लिकेट असतो. पण बऱ्याचदा बेअरिंग पुडीतून बाहेर येण्याआधीच काम बिघडलेलं असतं: क्रँक मोजलेला नसतो, ब्लॉकच्या तेलवाटा साफ झालेल्या नसतात, आणि बेअरिंग आवळून धरणारी कुठली कॅप कुठची हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

उदाहरणादाखल ॲम्बेसेडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन घेऊ. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजमधलं हे इंजिन. जुन्या गाड्या जपणारे लोक ते आजही उघडतात आणि बांधतात. चार सिलिंडर असूनही त्याला मेन बेअरिंग तीनच आहेत. मारुती 800 च्या तीन सिलिंडरच्या इंजिनाला चार असतात, त्यावरून अंदाज येईल. आधार कमी असल्यामुळे इथे प्रत्येक बेअरिंग नेमकं बसावंच लागतं.

जुनी शेल फेकू नका

इंजिन खोलताना घाईघाईत जुनी शेल, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पातळ पट्ट्या, भंगारात टाकणं ही मला सगळ्यात वाईट सवय वाटते. इंजिनाला काय झालं होतं ते त्या शेलवरच उमटलेलं असतं. कागदावर ती क्रमाने मांडा, वरची वर, खालची खाली. फक्त मधलं बेअरिंग जास्त खाल्लेलं असेल तर क्रँक वाकल्याचा संशय घ्या आणि तो व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) लावा. करड्या थराखालून तांबूस रंग दिसत असेल तर वरचं अस्तर गेलं. हे अस्तर एका थाऊपेक्षाही पातळ असतं, आणि थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.025 मिमी. शेलमध्ये बारीक चमकते कण रुतलेले असतील तर तेलात घाण फिरत होती. शेलच्या पाठीवर एकाच जागी घासल्याची चमक असेल तर बसवताना मागे कचरा राहिला होता. थ्रस्ट वॉशर (क्रँकची पुढे-मागे हालचाल रोखणाऱ्या चकत्या) एकाच बाजूने झिजले असतील तर ड्रायव्हरला क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय आहे का, ते विचारा. मूळ दुखणं तसंच ठेवून नवीन बेअरिंग टाकलं तर तेही त्याच वाटेने जाणार.

ग्राइंडिंगवाल्याच्या चिठ्ठीवर विसंबू नका

"वीसला मारलाय", म्हणजे क्रँक घासून 20 थाऊने बारीक केलाय, एवढं ऐकून 20 थाऊची शेल आणून बसवणारे पुष्कळ आहेत. स्वतः मायक्रोमीटर लावा. या इंजिनाचा मेन जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, मुळात सुमारे 2 इंचांचा, म्हणजे वीसला मारल्यावर तो 1.980 इंचांच्या आसपास यायला हवा. प्रत्येक जर्नल दोन टोकांना मोजा आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा दोनदा. आकडे जुळत नसतील तर जर्नल कोनासारखा निमुळता किंवा लांबट गोल झालाय. असा क्रँक परत पाठवा. शेलच्या पाठीवरचा साइझही वाचून घ्या, कारण खोक्यावर एक आणि आत भलतंच असं होतं.

ग्राइंडिंग करून आलेल्या क्रँकमध्ये आणखी दोन गोष्टी बघा. जर्नल जिथे बाजूच्या भिंतीला मिळतो तो कोपरा गोलसर असला पाहिजे. तिथे काटकोनी खाच राहिली की क्रँक पुढे कधीतरी तिथूनच तडकतो. दुसरं, तेलाच्या भोकाची कड हलकी मोडलेली हवी. धारदार कड नवीन शेलवर ओरखडे पाडते.

धुणं म्हणजे नुसता केरोसीनचा हात नव्हे

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बेअरिंग लवकर जाण्याच्या कारणांत बेअरिंगचे कारखानदारही घाणीला पहिला नंबर देतात. ग्राइंडिंगची बारीक पूड क्रँकच्या आतल्या तिरक्या भोकांत बसते आणि नुसती हवा मारून निघत नाही. त्या भोकांचे प्लग काढा, आरपार ब्रश फिरवा, केरोसीनने धुवा, मग दाबाची हवा मारा. ब्लॉकच्या मुख्य तेलवाटेचेही प्लग काढून तेच करा. शेवटी पांढरं सुती फडकं घेऊन बेअरिंगच्या बैठकीवरून बोट फिरवा. फडकं काळं होत असेल तोवर धुणं संपलेलं नाही.

बसवताना होणाऱ्या चुका

शेलच्या पाठीला तेल लावू नका. पाठ आणि बैठक दोन्ही कोरडी, स्वच्छ हवीत, म्हणजे उष्णता ब्लॉकमध्ये जाते. तेल फक्त क्रँककडच्या बाजूला.

शेलचा छोटा कान बैठकीच्या खाचेत बसतो. तो कान शेलला फिरण्यापासून रोखतो हा गैरसमज आहे. तो फक्त जागा दाखवतो. शेल धरून राहतं ते दाबामुळे. प्रत्येक अर्धं शेल बैठकीच्या कडेपेक्षा केसभर वर राहतं आणि कॅप आवळली की दाबलं जातं. "वर आलंय" म्हणून त्या कडा कानशीने घासणं म्हणजे बेअरिंग फिरायला मोकळं करणं. कॅपची कड घासून ढिलाई काढण्याचा जुना जुगाडही तसाच घातक, त्याने बैठकीचा गोलच बिघडतो. शेलमागे कागद किंवा चमकी घालणं हा त्याहून वाईट प्रकार. पूर्वीच्या ओतीव पांढऱ्या धातूच्या बेअरिंगला स्क्रेपर लावत असत. आजच्या पातळ शेलला स्क्रेपर लावलात तर वरचं अस्तरच निघून जाईल.

पुष्कळ इंजिनांत ब्लॉककडच्या अर्ध्या शेलला तेलाचं भोक असतं आणि कॅपकडचं साधं असतं. अदलाबदल झाली तर तेलाची वाट बंद. बसवल्यावर ब्लॉकचं भोक आणि शेलचं भोक एकावर एक आलंय ना, ते डोळ्यांनी बघा. कॅपही आपापल्या जागी आणि त्याच दिशेने लावा, कारण बैठका कॅपसकट एकत्र बोअर केलेल्या असतात.

मग जर्नल आणि शेल यांच्यातली फट मोजा. ढोबळ नियम असा, की जर्नलच्या दर इंचामागे साधारण एक थाऊ. बीएमसीचे आकडे या इंजिनासाठी अर्धा ते दोन थाऊ आहेत. ब्लॉक उलटा ठेवा, म्हणजे क्रँकचं वजन मोजमापात येणार नाही. जर्नल आणि शेल कोरडे पुसा, हिरव्या प्लास्टीगेजचा (दाबल्यावर चपटा होणाऱ्या, फट मोजायच्या मऊ धाग्याचा) तुकडा जर्नलवर लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कने आवळा आणि सोडा. मधल्या वेळात क्रँक अजिबात फिरवायचा नाही. चपटी झालेली पट्टी पाकिटावरच्या मापाशी लावून बघा. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसली तर जर्नल किंवा बैठक निमुळती आहे.

मेनच्या नटांचा टॉर्क बी-सिरीजला 70 पाउंड-फूट, म्हणजे सुमारे 95 न्यूटन-मीटर. एका दमात आवळू नका. आधी 30, मग 50, मग 70, आणि मधल्या कॅपपासून सुरुवात. प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघा. एखाद्या कॅपला अडकला तर दोष त्याच जागी सापडतो. तिन्ही आवळून झाल्यावर शोधत बसावं लागतं.

थ्रस्ट वॉशर या इंजिनात मधल्या बेअरिंगला असतात. खाचांची बाजू क्रँककडे ठेवा. उलटे बसले तर क्रँककडची बाजू तेलाविना कोरडी घासते. नंतर क्रँक स्क्रूड्रायव्हरने पुढे-मागे ढकलून डायल गेजवर एंड प्ले, म्हणजे ही पुढे-मागे हालचाल किती आहे ते, बघा.

मागून तेल गळतंय?

ॲम्बेसेडरवाल्यांची ही कायमची तक्रार. या इंजिनाच्या मागच्या मेनला रबरी सील नाही. क्रँकवर कोरलेले आटे तेल परत आत ढकलतात. मागच्या मेनची फट वाढली की तेल एवढं सुटतं की आट्यांना ते आवरत नाही. त्यामुळे नुसता सिलिकॉन थापून ही गळती थांबत नाही. आधी फट तपासा, ब्रीदर (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) चोंदलाय का तेही बघा.

पहिला स्टार्ट

कोरड्या इंजिनाला थेट चावी मारू नका. स्पार्क प्लग काढून ठेवा आणि ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टरने थांबून थांबून फिरवा, मगच प्लग लावा. इंजिन गरम झाल्यावर आयडलला प्रेशर फार पडत असेल तर मेनबरोबर बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) आणि ऑइल पंपही तपासा. लोड आल्यावर येणारा खोल, जड ठोका बहुतेक मेनचा. बिग एंडचा आवाज जास्त तीक्ष्ण असतो.

पहिलं तेल लवकर, 500 किलोमीटरच्या आसपास काढा, आणि ते पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात बघा. त्यात तांबूस चमक दिसली तर आवाज येण्याची वाट न बघता चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवा.