मांजराच्या छातीतली गाठ: डेक्सा मारायच्या आधी

सातारा भागात नवी प्रॅक्टिस टाकली की गायी-म्हशीच जास्त येणार. मग एखाद्या संध्याकाळी कुणीतरी पिशवीतून मांजर आणतं, "कालपर्यंत ठणठणीत होतं हो." मांजर तोंड उघडून धापा टाकत असतं. एक्स-रेसाठी त्याला आडवं पाडू नका, टेबलावरच जाईल. पोटावर बसू द्या, ऑक्सिजन लावा, थोडं ब्युटॉरफॅनॉल (शांत करणारं औषध) द्या. छातीच्या खालच्या भागात ठोके दबके ऐकू आले तर फुप्फुसाभोवती पाणी आहे असं धरून चाला. सातव्या-आठव्या बरगडीच्या मधून स्काल्प व्हेनची सुई (नळी जोडलेली बारीक सुई) घाला, पण बरगडीच्या पुढच्या कडेने. मागच्या कडेला रक्तवाहिन्या असतात. माझ्या पोटात अजून गोळा येतो, पण हात बसतो. एक्स-रे त्यानंतर, छातीत गाठ असेल तर त्यात दिसेल.

आता खरी मेख. "आधी डेक्सा मार, मग बघू" असं सांगणारे सिनिअर गावोगाव भेटतील. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन, स्टेरॉइड. कोरेगावकडचा एक तरुण बोका माझ्याकडे आला तो असं इंजेक्शन घेऊनच. दोन दिवस पोटभर जेवला होता, मालक खूश. मी गाठीत सुई घातली तर स्लाइडवर नुसते लहान लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी). लिंफोमाच्या (लिंफोसाइटच्या कॅन्सरच्या) मोठ्या पेशी स्टेरॉइडने आधी मरतात, गाठ आक्रसते, पुरावा जातो. थायमोमातही (छातीतल्या थायमस ग्रंथीच्या गाठीतही) लहान लिंफोसाइटच भरलेले असतात, म्हणजे तुम्ही अडकलात: थायमोमाला ऑपरेशन लागतं, लिंफोमाला केमो. शिवाय स्टेरॉइडनंतर उलटलेला लिंफोमा केमोलाही नीट दाद देत नाही. म्हणून काढलेलं पाणी फेकू नका. थोडं ईडीटीए ट्यूबमध्ये (गोठू न देणारी ट्यूब), थेंबभर स्लाइडवर. पुष्कळदा निदान तिथेच होतं, सीटी लागत नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात इंटर्नशिप करताना ऑपरेशन बघायला गर्दी करण्यापेक्षा पॅथॉलॉजीत जाऊन मायक्रोस्कोपला डोळा लावा, असं माझं मत.

तरुण मांजर असेल तर एफईएलव्हीची (मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची) टेस्ट कराच. लिंफोमाला साधारण सीओपी: सायक्लोफॉस्फामाइड, व्हिन्क्रिस्टीन, प्रेडनिसोलोन. व्हिन्क्रिस्टीन शिरेबाहेर गेलं तर मांस सडतं, दर वेळी नवी कॅथेटर टाका. व्हॉट्सॲपवर फिरणारे कुत्र्यांचे डोसचे तक्ते तर उघडूच नका. कुत्र्यांना चालणाऱ्या सिस्प्लॅटिनने मांजर मरतं.

केमो परवडत नसेल तर नुसत्या प्रेडनिसोलोनवरही काही आठवडे बरे जातात. नमुना घेतल्यावर ते खुशाल द्या, त्यात कमीपणा नाही. मालकाला झोपेतला श्वास मोजायला शिकवा: मिनिटाला ३० च्या वर गेला की लगेच फोन, पाणी पुन्हा भरलेलं असू शकतं.