कोजागिरीला गच्चीवर स्पीकर लावणार असाल तर

यंदाही गच्चीवरच्या गाण्यांचं काम माझ्याकडेच आलं आहे. मागच्या वर्षी ते माझ्या हातून बिघडलं, म्हणून या वेळी आधीच सगळं लिहून काढते आहे. तुमच्याकडेही कुणी ना कुणी हे काम करतच असेल, त्यांनी वाचावं.

माझ्याकडे आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी गावच्या घरी साध्या मोबाइलवर केलेलं. त्यात जात्याची घरघर आहे, मधूनच बांगड्यांचा आवाज आहे, एकदा ती थांबून कोंबडीला हाकलते तेही आहे. गेल्या कोजागिरीला भावाच्या इमारतीच्या गच्चीवर सगळी भावंडं, आत्या, मामा असे तीसेकजण जमलो होतो, तेव्हा ते सगळ्यांना एकत्र ऐकवायचं ठरवलं. दोन ओव्या झाल्या. तिसरीच्या आधी आजीनं श्वास घेतला आणि पुढच्या क्षणी स्पीकरमधून मोटारींच्या शर्यतीचा कर्कश आवाज सुरू झाला. भाचा गच्चीच्या बरोबर खालच्या घरात फोनवर गेम खेळत बसला होता. त्याचा फोन गणपतीत एकदा ब्लूटूथनं त्या स्पीकरला जोडला होता. मी स्पीकर सुरू केल्याबरोबर तोही आपोआप जोडला गेला, ते ना त्याला कळलं ना मला. आई पदर सावरून दूध बघायला उठली. मी रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं, पण ती परत येऊन बसली नाही.

तेव्हा बाकी काही विसरलात तरी चालेल, पण स्पीकरच्या आठवणीतले जुने फोन आधी पुसा. बऱ्याच स्पीकरांना एकदा जोडलेले सात-आठ फोन लक्षात राहतात आणि सुरू झाल्यावर त्यातला जो जवळ सापडेल तो ते पकडतात. हल्लीचे पुष्कळसे स्पीकर एका वेळी दोन फोनही धरून ठेवतात. पहिल्यावर गाणं चालू असताना दुसऱ्यावर काही वाजलं, तर कित्येकदा आवाज तिकडे वळतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमच्या फोनमधून स्पीकरचं नाव काढून टाकलं म्हणजे काम झालं असं होत नाही. त्यानं फक्त तुमचा फोन स्पीकरला विसरतो, स्पीकर कुणालाच विसरत नाही. स्पीकर स्वतःच रिसेट करावा लागतो. त्यासाठी कुठली दोन बटणं किती वेळ दाबून धरायची ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, खोक्यातल्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिका टाकून दिली असेल तर कंपनीच्या साइटवर मिळते. रिसेट झाल्यावर स्पीकर पुन्हा कुणाशीही जोडून घ्यायला तयार असतो, म्हणून लगेच तिथेच आपला एक फोन जोडून टाका. दोन फोन एका वेळी धरण्याची सोय कंपनीच्या ॲपमधून बंद करता येत असेल तर तीही बंद करा.

हे आठ दिवस आधी करा, कारण पहिल्यांदा करताना चुकतं आणि शांतपणे बसून बघावं लागतं. आठ दिवस आधीचं दुसरं काम म्हणजे दोन स्पीकर एकत्र वाजतात का ते बघणं. एक आपला, एक शेजाऱ्यांचा, असं धरून चालू नका. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्पीकर सहसा एकमेकांशी जुळत नाहीत आणि एकाच कंपनीचे जुने-नवेही कधीकधी जुळत नाहीत. प्रत्यक्ष वाजवून बघा. जुळत असतील तर दोन नक्की न्या, कारण उघड्यावर आवाज फार लवकर विरतो. अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबल उतरतो. घरात भिंती आणि छत तो परत फेकतात, गच्चीवर तो सरळ निघून जातो. एकच स्पीकर पूर्ण आवाजात ठेवला तर जवळ बसलेल्यांचे कान किटतात आणि टाकीपलीकडच्यांना काही ऐकू येत नाही. दोन स्पीकर माणसांच्या जवळ, मध्यम आवाजात, हे केव्हाही बरं.

घरातला वाय-फायवर चालणारा स्पीकर वर नेऊ नका. त्यातल्या बहुतेकांना बॅटरी नसते, सतत प्लग लागतो, आणि राउटरचा सिग्नल स्लॅबमधून वर येईपर्यंत त्यात जोर उरत नाही. घरात मात्र तोच चांगला. खोलीतून खोलीत गेलं तरी गाणं तुटत नाही आणि फोन आला तर गाणं बंद पडत नाही. गच्चीवर ब्लूटूथच.

आता फोनचं. रोजच्या वापरातला फोन या कामाला लावू नका. घरात जुना, सिम काढलेला एखादा फोन पडलेला असतोच. तो साफ करा, गाणी त्यात उतरवून ठेवा, म्हणजे नेटची गरजच उरत नाही. रोजचाच फोन लावायचा असेल तर एअरप्लेन मोडवर टाका. त्यानं काही फोनांत ब्लूटूथही बंद होतं, तसं झालं तर ते हातानं पुन्हा सुरू करा. एवढं नाही केलं तर ऐन रंगात कुणाच्या तरी ‘पोचलात का?’चा टुणटुणाट गच्चीभर ऐकू येईल.

बोलण्याचं किंवा जुन्या आवाजाचं रेकॉर्डिंग असेल तर ते आधी त्याच स्पीकरवर, आणि शक्यतो त्याच गच्चीवर ऐकून बघा. जुन्या मोबाइलवर घेतलेला आवाज गाण्यांपेक्षा बराच खाली असतो. तो ऐकू यावा म्हणून आवाज वाढवता आणि पुढचं गाणं अंगावर येतं. रेकॉर्डिंगचा आवाज एखाद्या साध्या ॲपमध्ये वाढवून वेगळी फाइल करून ठेवा, मूळ फाइलला हात लावू नका. आणि स्पीकरचं बेस वाढवणारं बटण बोलण्याच्या वेळी बंद ठेवा. त्यानं शब्द गढूळ होतात. आजीच्या ओव्यांत घरघर तेवढी मोठी झाली होती आणि शब्द मागे पडले होते. भाच्याचा फोन मध्ये आला नसता तरी तिचे शब्द नीट कळले नसते, हे मला नंतर घरी ऐकताना लक्षात आलं.

कराओके करायचं असेल तर फोनमधला माइक ब्लूटूथवरून स्पीकरला देऊ नका. आवाज तोंडातून निघून स्पीकरमधून बाहेर पडेपर्यंत जो क्षणभर उशीर होतो, त्यात गाणाऱ्याचा ताल सुटतो. स्पीकरला माइकची स्वतःची खाच असेल तर वायरचा माइक लावा. नसेल तर माइकशिवाय गा, तीस माणसांसाठी माइक लागत नाही.

आदल्या रात्री: स्पीकर पूर्ण चार्ज, फोन पूर्ण चार्ज, पॉवर बँक, दोन्हींच्या वायरी. खोक्यावर बारा-पंधरा तास लिहिलेले असतात ते मध्यम आवाजाचे, उघड्यावर आवाज वाढवला की त्यातले बरेच कमी होतात. काही स्पीकर चार्जिंगला लावून मोठ्यानं वाजवले तरी बॅटरी उतरतच राहते, म्हणून मध्येच पॉवर बँक लावून भागेल यावर विसंबू नका.

आणि आदल्या रात्री पुन्हा एकदा बघा, मधल्या आठ दिवसांत घरात कुणी स्पीकरला फोन जोडला का. मुलं जोडतात. पाहुणे जोडतात. जोडला असेल तर पुन्हा पुसा. मला हे तीनदा सांगायचं आहे, म्हणून सांगते.

पावसाचं बघा. कोजागिरीच्या सुमाराला परतीची सर येऊ शकते, आणि नाही आली तरी रात्री दव पडतं. स्पीकर किती पाणी सोसतो त्याची खूण त्याच्यावर असते. आयपीएक्स४ लिहिलं असेल तर तो शिंतोडे सोसतो, तेवढंच. आयपी६७ असेल तर मीटरभर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकतो, पण चार्जिंगच्या खाचेवरचं रबरी झाकण घट्ट असेल तर. काहीच लिहिलेलं नसेल तर साधी प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवा. ओल्या खाचेत चार्जरची पिन घालू नका, कितीही घाई असली तरी. हाच स्पीकर पुढे अलिबागला किनाऱ्यावर न्याल तर घरी आल्यावर, तो पाणी सोसणारा असेल तरच, झाकण लावून साध्या पाण्यानं धुवा. खारं पाणी आणि वाळू त्याला सावकाश खातात.

वर गेल्यावर स्पीकर कठड्याच्या कोपऱ्याजवळ ठेवा, दोन्ही भिंतींनी त्याचा खर्ज भरतो. जमिनीवर नको, तिथे शब्द माणसांच्या पायांत अडकतात. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, लाकडी स्टुलावर ठेवा. प्लास्टिकच्या खुर्चीवर थरथरतो. दुधाच्या पातेल्याजवळ आणि शेगडीजवळ तर नकोच. फोन स्पीकरपासून दहा मीटरांच्या आत असू द्या, आणि मागच्या खिशात नको. ब्लूटूथच्या लहरी अंगातून जाताना शोषल्या जातात, आपण वळलो की गाणं अडखळतं. फोन टेबलावर, एकाच माणसाच्या ताब्यात. ‘माझं एक गाणं लावू का’ म्हणून कुणी आपला फोन जोडायला आलं तर प्रेमानं नाही म्हणा, ते गाणं तुमच्याच फोनवर शोधा. नवा फोन जोडला की यादीत एक फोन वाढला.

वेळेचं लक्षात ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, कोजागिरी त्यात आहे असं गृहीत धरू नका. खालच्या मजल्यावर आजारी माणूस आहे का ते आधी जाऊन विचारा, नियम असो नसो. म्हणजे ऐकवायचं ते नऊच्या आत ऐकवून घ्या. चंद्र माथ्यावर येईल, दूध वाटलं जाईल तेव्हा स्पीकर बंदच असणार. मग भेंड्या खेळा, तोंडानं गा.

सुरू करण्याआधी पाच मिनिटं: स्पीकर लावा, तुमचाच फोन जोडला गेला ना बघा, आणि दुसरा कुणाचा जोडला नाही ना तेही बघा. खाली घरात जे जे आहेत त्यांच्या फोनचं ब्लूटूथ बंद करायला सांगा. भाच्याला मी या वेळी वर माझ्या शेजारीच बसवणार आहे, पणजीचा आवाज त्यानंही ऐकायला हवा.

आवरताना स्पीकर पुसा, दव असेल तर कोरडा होऊ द्या, वायरी मोजा, रात्रभर गच्चीवर विसरू नका. गाडीत उन्हात ठेवू नका, बॅटरी बिघडते. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर अर्धा चार्ज करून ठेवा.

मी स्पीकरच्या खोक्याच्या झाकणावर आतून कागद चिकटवला आहे: ‘जुने फोन पुसले का?’