व्हॉल्व्हच्या लिनिअरची दुरुस्ती: या चुका टाळा

हॅम रेडिओच्या सेटची पॉवर वाढवणारा अॅम्प्लिफायर म्हणजे लिनिअर. त्याचं आउटपुट कमी पडलं की पहिला बळी व्हॉल्व्हचा, म्हणजे आतल्या व्हॅक्यूम ट्यूबचा जातो. लिनिअर उघडायचा, बाहेरून महागडी जोडी मागवायची, कस्टम ड्युटी भरायची, आणि नवी जोडी बसवल्यावर वॉटमीटरचा काटा पुन्हा तिथेच. व्हॉल्व्ह मरतात, नाही असं नाही. पण संशय त्यांच्यावर सगळ्यात शेवटी घ्यावा.

उदाहरण म्हणून हीथकिट या अमेरिकी कंपनीचा एसबी-220 हा लिनिअर घेऊ. ग्राउंडेड ग्रिडमध्ये, म्हणजे आतली जाळी (ग्रिड) ग्राउंडला जोडून, दोन 3-500झेड व्हॉल्व्ह, त्यांच्या बाहेरच्या इलेक्ट्रोडला (प्लेटला) साधारण 3000 व्होल्ट. पॉवर सप्लायमध्ये 200 मायक्रोफॅरडचे आठ कपॅसिटर सिरीजमध्ये आणि प्रत्येकावर चार्ज उतरवणारा एक ब्लीडर रेझिस्टर. ब्लीडर धड असतील तर स्विच बंद केल्यावर अर्ध्या मिनिटात बहुतेक चार्ज उतरतो. एखादा ओपन झाला असेल तर बाकीचे सात कपॅसिटर रिकामे होतात आणि तो एकटा बराच वेळ भरलेला राहतो. काही नाही तरी 375 व्होल्ट, म्हणजे माणूस मारायला पुरेसे. म्हणून प्लग काढा, हाय व्होल्टेजचा मीटर खाली येईपर्यंत थांबा आणि मग रेझिस्टर लावलेल्या इन्सुलेटेड काठीने प्रत्येक कपॅसिटर वेगळा डिस्चार्ज करा. झाकण काढल्यावर हाय व्होल्टेज चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) शॉर्ट करणारा इंटरलॉक या लिनिअरमध्ये आहे. ‘टेस्टिंगपुरता’ म्हणून तो बांधून ठेवणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याच्या शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) न जाणं बरं.

दुसरी चूक मल्टिमीटरची. ‘एका कपॅसिटरवर 375 व्होल्टच तर आहेत, माझा मीटर 1000 चा आहे,’ हा हिशेब फसवा आहे. वरच्या कपॅसिटरची दोन्ही टोकं चॅसिसच्या मानाने तीन हजारांच्या आसपास असतात आणि तुमचे हात चॅसिसच्या बाजूला. चालू लिनिअरमध्ये हातातला मीटर घालू नका. लिनिअरचा स्वतःचा मीटर वाचा, नाहीतर हाय व्होल्टेज प्रोब वापरा.

आता आउटपुट का पडतं ते पाहू. 3-500झेडचा फिलामेंट (आतली तापणारी तार) 5 व्होल्टवर साडेचौदा अँपिअरच्या आसपास करंट घेतो. सॉकेटची पकड सैल होऊन अर्ध्या दशांश ओहमचा, म्हणजे 0.05 ओहमचा अडथळा आला, तरी पाऊण व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि दहा वॉटची उष्णता थेट पिनमध्ये जाते. पिनमधलं सोल्डर वितळतं, संपर्क आणखी बिघडतो, फिलामेंट मंद पेटतो. बाहेरून दिसतं ते इतकंच, की ‘व्हॉल्व्ह उतरला’. सॉकेटच्या पकडी घट्ट करा, पिन स्वच्छ करून पुन्हा सोल्डर करा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यानंतर तर हे आधी बघाच. त्याच वेळी हाय व्होल्टेजच्या भागातली धूळ ब्रशने काढा आणि आत पाल शिरून बसलेली नाही ना, तेही पाहा.

नको ती ऑसिलेशन दाबणाऱ्या, प्लेटजवळच्या पॅरासिटिक सप्रेसरमधला 47 ओहमचा कार्बन रेझिस्टर तापून तापून व्हॅल्यू बदलतो. तो जागेवरच मोजला तर मीटर शून्य दाखवतो, कारण समांतर कॉइल त्याला शॉर्ट करते. एक पाय सोडवूनच मोजा.

ट्यूनिंगमध्ये सगळे प्लेट करंटच्या डिपकडे (काटा सगळ्यात खाली जातो त्या जागेकडे) बघत बसतात आणि ग्रिड मीटर विसरतात. ग्रिड करंट चढतोय आणि आउटपुट मात्र कमी, असं असेल तर लोडिंग, म्हणजे अँटेनाकडे पॉवर ओढली जाणं, हलकं आहे. लोड कपॅसिटर थोडा उघडा. आपल्याकडे हॅमच्या जनरल ग्रेडच्या परवान्यालाही कमाल मर्यादा 400 वॉट आहे, तेव्हा ड्राइव्ह (सेटकडून येणारी पॉवर) कमी करून त्याच पातळीवर ट्यून आणि लोड दोन्ही पुन्हा जुळवा, आधी डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर. आणि मोर्स की दाबलेली असताना, म्हणजे ट्रान्समिट चालू असताना, बँडस्विच फिरवू नका.

नवा ट्रान्सीव्हर थेट जोडणं ही आणखी एक महागडी गंमत. ट्रान्सीव्हर ज्या लाइनने लिनिअरला ट्रान्समिटवर नेतो, त्या एसबी-220 च्या रिले लाइनवर 110 व्होल्टच्या आसपास डीसी असतं. आजच्या सेटमधला स्विचिंग ट्रान्झिस्टर ते झेपवत नाही. मध्ये आयसोलेशन सर्किट टाका.

वर्षानुवर्षं बंद पडलेला लिनिअर मिळाला तर व्हॉल्व्ह काढून ठेवा आणि व्हेरिअकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू, काही तासांत चढवा. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरना तेवढा वेळ लागतोच.

एवढं सगळं तपासूनही एक प्लेट लाल आणि दुसरी काळीच राहत असेल, तर दोन व्हॉल्व्हची अदलाबदल करा, अर्थात डिस्चार्ज करून आणि थंड झाल्यावर. अंधार व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह बदला, त्याच सॉकेटवर राहिला तर सॉकेट उघडा.