वॉनलॉकहेड कसे पाहावे: शिशाच्या खाणींचे एक जुने गाव

दक्षिण स्कॉटलंडमधील लाउदर टेकड्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारे ४६७ मीटर उंचीवर वसलेले वॉनलॉकहेड हे त्या देशातील सर्वांत उंचावरचे गाव मानले जाते. एवढ्या थंड, वाऱ्याच्या जागी वस्ती झाली ती जमिनीखालच्या शिशामुळे, आणि विसाव्या शतकात खाणी बंद पडल्यावर गाव लहानसेच उरले. ते पाहताना आधी खाण, मग पाण्याचे यंत्र, मग घरे आणि सर्वांत शेवटी ग्रंथालय असा क्रम ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

येथील शिसे-खाण संग्रहालय हिवाळ्यात बंद असते, म्हणून उन्हाळ्यातला दिवस निवडावा आणि वेळा आधी पाहून घ्याव्यात. शक्य असल्यास मेनॉकच्या बाजूने यावे. ओढ्याच्या कडेने दरीतून चढणारा तो रस्ता गावाचे एकाकीपण आपसूक समजावून देतो.

लॉकनेल खाणीत मार्गदर्शकाबरोबरच जाता येते. आत बारमाही गारवा असल्याने उन्हाळ्यातही उबदार कपडे आणि चिखलात चालतील असे बूट घालावेत. इतर उघड्या बोगद्यांत मात्र मुळीच शिरू नये. जुन्या खाणमातीत शिसे असते, तेव्हा ढिगाऱ्यांवर फिरल्यास खाण्यापूर्वी हात धुवावेत.

खाणकामगाराचा मोठा शत्रू म्हणजे खाणीत साचणारे पाणी. ते कसे उपसले जाई, हे स्ट्रेटस्टेप्स येथील तुळई-यंत्रापाशी उभे राहिल्यावर कळते. एका मोठ्या आडव्या तुळईच्या एका टोकाला बादली, तर दुसऱ्या टोकाला खाणीत उतरणारा पंपाचा दांडा अशी त्याची रचना आहे. बादलीत ओढ्याचे पाणी भरले की ती वजनाने खाली जाई आणि दांडा वर उचलला जाई. तळाशी बादली रिकामी झाली की दांडा स्वतःच्या भाराने परत खाली येई. कोळसा नाही, वाफ नाही, पाण्यानेच पाणी उपसायचे! एकोणिसाव्या शतकातील हे यंत्र मूळ जागीच उभे आहे, म्हणून येथे घाई करू नये.

जवळच्याच कुटिरांत वेगवेगळ्या काळातील कामगारांचे घर कसे होते, ते मांडून दाखवले आहे. मुले सोबत असतील तर सोने चाळण्याचा अनुभवही घ्यावा. तबकडीत वाळू आणि पाणी गोल फिरवत राहिले की हलकी वाळू काठावरून वाहून जाते आणि वाळूच्या सुमारे सातपट जड असलेले सोने तळाशी राहते. या टेकड्यांत खरोखरच सोने सापडत असे. मात्र जमीनमालकाच्या परवानगीशिवाय ओढ्यात हात घालू नये. शेजारच्या लेडहिल्सहून सुटणाऱ्या छोट्या अरुंदमापी रेल्वेसाठी शनिवार-रविवार सोयीचा.

आता ग्रंथालय. येथील कामगारांनी १७५६ मध्ये वर्गणी काढून ते उभारले. लेडहिल्सच्या खाणकामगारांनी त्याआधीच, १७४१ मध्ये, आपले ग्रंथालय सुरू केले होते. खाणीतला ओलसर अंधार नुकताच अनुभवलेला असताना या खोलीत आल्यावर, दिवसभर शिसे खोदून आलेल्या माणसांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या या पुस्तकांच्या पाठींवरील नावे एकेक करून वाचावीत.