टायमिंग गिअर बसवताना या चुका टाळा

नव्याने बांधलेल्या इंजिनातून तेल गळू लागले किंवा ते सुरूच होईना, की मी आधी टायमिंग गिअर, म्हणजे क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) फिरण्याशी व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ जुळवणारे दातेरी चाक, कसा बसवला हे विचारतो. उत्तर बहुधा एकच असते: घट्ट होता, म्हणून ठोकला.

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या एकाने इंजिनाच्या ब्लॉकमध्ये असलेल्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) गिअर हातोडीने बसवला. प्रत्येक ठोक्यासरशी शाफ्ट मागे सरकत गेला आणि ब्लॉकच्या मागच्या टोकाचा वेल्च प्लग (भोक बंद करणारी धातूची चकती) त्याने सैल केला. इंजिन उत्तम सुरू झाले, पण बेल हाउसिंगमधून (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणातून) तेल ठिबकू लागले. आम्ही क्रँकच्या मागच्या सीलला दोष दिला, गिअरबॉक्स उतरवून सील बदलले, तरी गळती थांबली नाही. दुसऱ्यांदा फ्लायव्हील काढल्यावर तो सरकलेला प्लग दिसला. दहा मिनिटे वाचवण्यासाठी दोन वेळा गिअरबॉक्स उतरवावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून घट्ट बसणारा कॅम गिअर मी शाफ्ट बाहेर असतानाच प्रेसवर बसवतो आणि थ्रस्ट प्लेट (शाफ्टला जागेवर धरणारी पट्टी) आधी सरकवली आहे ना, हे दोनदा पाहतो, कारण ती राहिली तर गिअर पुन्हा ओढून काढावा लागतो. क्रँकचा लोखंडी गिअर तेलात तापवला की हाताने सरकतो; फायबरचा गिअर मात्र तापवू नये, आणि दाबताना आधार त्याच्या धातूच्या हबलाच द्यावा.

दुसरी चूक दोन्ही गिअरांवरच्या, एकमेकींशी जुळवायच्या खुणांची. कॅमच्या गिअरला क्रँकच्या दुप्पट दात असतात. क्रँकला 20 आणि कॅमला 40 दात असतील, तर एका दाताची चूक म्हणजे क्रँकचे पूर्ण 18 अंश, आणि काही इंजिनांत तेवढ्याने व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. तिरप्या दातांचा गिअर आत सरकताना थोडा फिरतो, म्हणून खुणा गिअर बसवण्यापूर्वी नव्हे, तर तो पूर्ण बसल्यावर जुळायला हव्यात. शिवाय खुणा समोरासमोर आल्या म्हणजे पहिला सिलिंडर कॉम्प्रेशन स्ट्रोकवरच असेल, असे धरून डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज पोचवणारा भाग) बसवू नये. अनेक इंजिनांत तो त्या वेळी एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी असतो.

झिजलेल्या गिअरशी नवा गिअर जोडू नका. दातांमधील मोकळीक डायल गेजने मोजा, बोटाने हलवून अंदाज करू नका. पुढचे ऑइल सील कोरडे बसवू नका.

कव्हर लावण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून क्रँक पान्याने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. मध्ये कोठे अडकले, तर जोर न लावता तेथेच थांबून कारण शोधा. ज्यांना हे दोन फेरेही जास्त वाटतात आणि जे थेट स्टार्टर मारतात, त्यांचे वाकलेले व्हॉल्व्ह मी अनेकदा बदलले आहेत.