लहान बाळांसाठीच्या घरभेटींचा उपयोग होतोय का, हे कसं तपासायचं?

वहीत शंभर भेटींच्या सह्या असल्या म्हणून शंभर घरांत काही बदललं असं होत नाही. आशाताईंच्या भेटींचं वेळापत्रक ठरलेलं आहे: दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, पुढे 3 ते 15 महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी. त्याला जोडून सोलापुरात एखादी संस्था घरभेटी देत असेल, तर तपासणी अशी करा.

1. काय बदलायला हवं ते लिहा. 'पालकांमध्ये जागृती' हे मोजता येत नाही. 'सातव्या महिन्यात वरचा आहार सुरू झाला' हे येतं. अशा दोन-तीनच गोष्टी धरा.

2. आधीची नोंद घ्या. वजन, उंची आणि सहा महिन्यांपुढच्या बाळांच्या दंडाचा घेर. तो 11.5 सेंमीपेक्षा कमी भरला तर वाट न बघता बाळाला आधी दवाखान्यात पाठवा, भेटींची तपासणी नंतर.

3. तुलनेला दुसरी वस्ती हवीच. इथंच बहुतेकांची फसगत होते. आपण सगळ्यात अशक्त मुलं निवडतो. त्यातली काही नुकतीच जुलाबातून उठलेली असतात, ती तशीही सावरतात आणि श्रेय भेटींना जातं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि 47 गावांशी तुलना केली, म्हणून 1999 साली छापलेले त्यांचे निष्कर्ष जगानं मानले. आपल्याकडे सगळ्या वस्त्या एकदम घेता येत नसतील तर चिठ्ठ्या टाका. ज्यांचा नंबर मागून लागेल, त्या तोवर तुलनेला.

4. भेटीत स्वतः बसा. सोलापूरच्या पूर्व भागातलं एक घर आठवतं. आईच्या मांडीवर सूप, हात विड्या वळतायत, आणि समोर ताई मराठीत तक्ता वाचून दाखवतायत. घरातली भाषा तेलुगू. आई प्रत्येक वाक्याला "हो अक्का" म्हणाली. वहीत ती भेट 'पूर्ण' होती! पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या ताईंनी बाळापुढे रिकामी वाटी-चमचा ठेवला, त्यानं तो आपटला, आई हसली आणि विडी बाजूला ठेवून खेळायला लागली. जमैकात 1986-87 मध्ये खुंटलेल्या वाढीच्या मुलांना दोन वर्षं दर आठवड्याला अशाच खेळाच्या भेटी मिळाल्या. वीस वर्षांनी त्यांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली. म्हणून भेट किती मिनिटं चालली यापेक्षा आईनं बाळाबरोबर काय केलं, ते टिपा.

5. कुलपं मोजा. विड्या द्यायला बाई कारखान्यात गेली की घर बंद. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद सासरच्या पत्त्यावर आणि 42 दिवस अक्कलकोटला किंवा बार्शीला. ही घरं यादीतून काढलीत तर निकाल छान दिसेल, पण खोटा असेल.

6. आईला एकटीला विचारा. भेट देणारी ताई समोर नको, आणि विचारणारी घरची भाषा बोलणारी हवी. "सल्ला मिळतो का?" याला उत्तर 'हो'च येतं. "काल सकाळपासून बाळानं काय काय खाल्लं?" असं विचारा.

7. आकडे आधी ताईंपुढे ठेवा. एकाच वस्तीतली सगळी मुलं एका महिन्यात अर्धा किलोनं घटलेली दिसली, तर वजनकाटा बिघडला होता हे त्याच सांगतात.