वाइड गॅमट मॉनिटरसाठी स्वतःची थ्रीडी लुकअप टेबल

पी३ ही विस्तृत रंगव्याप्ती असलेले मॉनिटर आता सहज मिळतात, पण त्यांवर लग्नाचे फोटो उघडले की हळदीचा पिवळा भडक होतो, कुंकवाचा लाल डोळ्यांना टोचतो आणि गव्हाळ चेहरे उन्हात रापल्यासारखे तांबूस दिसतात. यात दोष फोटोचा नसतो. फोटोतले आकडे एसआरजीबी या प्रमाणाला धरून लिहिलेले असतात आणि मॉनिटर ते स्वतःच्या, त्याहून मोठ्या रंगव्याप्तीत दाखवतो. फोटोशॉपसारखे प्रोग्रॅम आयसीसी प्रोफाइल (रंगांचे वर्णन करणारी फाइल) वाचून हा फरक भरून काढतात. विंडोजचा डेस्कटॉप, अनेक व्हिडिओ प्लेअर आणि बहुतेक गेम मात्र ते करत नाहीत. म्हणून दुरुस्ती थेट पडद्यावर जाणाऱ्या चित्रावरच करावी लागते, आणि ती करते लुकअप टेबल (लट), म्हणजे आलेल्या रंगाऐवजी पडद्याला कोणता रंग पाठवायचा ते सांगणारा तक्ता.

प्रोफाइलबरोबर ग्राफिक्स कार्डात चढणारी टेबल एकमितीय असते, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांच्यासाठी एकेक वक्ररेषा. तिने पांढरा रंग आणि राखाडी छटा ताळ्यावर येतात, गॅमाही (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते ठरवणारा वक्र) सुधारतो; परंतु मॉनिटरचा लालच जास्त भडक असेल तर ती काही करू शकत नाही, कारण शुद्ध लालात किंचित हिरवा आणि निळा मिसळायचा की नाही, हे तिन्ही आकडे एकत्र पाहिल्याशिवाय ठरत नाही. थ्रीडी टेबल नेमके तेच करते. प्रत्येक अक्षावर ६५ खुणा घेतल्या तर २,७४,६२५ बिंदूंची उत्तरे तिच्यात लिहिलेली असतात आणि मधल्या रंगांची उत्तरे शेजारच्या बिंदूंवरून काढली जातात. पॅनेलला जो रंग मुळातच दाखवता येत नाही तो मात्र कोणत्याही टेबलने निर्माण होत नाही. त्यामुळे एसआरजीबीचा जेमतेम दोन तृतीयांश भाग दाखवणाऱ्या स्वस्त लॅपटॉपवर हा खटाटोप करू नये.

यासाठी कलरिमीटर (पडद्यावरचे रंग मोजणारे उपकरण) लागतोच. त्याच मॉडेलसाठी दुसऱ्याने बनवलेली टेबल उतरवून घेणे मला पटत नाही, कारण एकाच मॉडेलच्या दोन मॉनिटरांचे रंग तंतोतंत जुळत नाहीत. सॉफ्टवेअरसाठी खर्च नाही: ग्रेम गिल यांच्या आर्गिल सीएमएस या रंगव्यवस्थापन संचावर चालणारा, मोजणी करून टेबल बनवणारा डिस्प्लेकॅल आणि विंडोजच्या संपूर्ण डेस्कटॉपवर टेबल लावणारा डीडब्ल्यूएम लट, हे दोन्ही मोफत आहेत.

मोजणीपूर्वी मॉनिटर किमान अर्धा तास चालू ठेवावा. नाइट लाइट, एचडीआर (जास्त उजळपणाचा चित्रप्रकार), डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे ब्राइटनेस बदलणारी सोय बंद करावी. विंडोज ११ मध्ये अ‍ॅपचे रंग आपोआप सांभाळण्याचा पर्याय असेल तर तोही बंद असावा. मग मॉनिटरच्या मेनूत वापरकर्त्याचा रंगप्रकार निवडून ब्राइटनेस १०० ते १२० निट्सवर (निट हे उजळपणाचे एकक) आणावा आणि लाल, हिरवा, निळा यांचे गेन (प्रत्येक रंगाची पातळी) डिस्प्लेकॅलच्या पट्ट्या पाहत असे जुळवावेत, की पांढरा डी६५ या प्रमाण पांढऱ्यावर, म्हणजे ०.३१२७ आणि ०.३२९० या निर्देशांकांवर येईल. या कामात घाई करू नये. जी दुरुस्ती मॉनिटरच्या बटणांनी होते तिच्यासाठी टेबलमधल्या छटा खर्ची पडत नाहीत. उलट पांढरा रंगही टेबलनेच ओढून आणायचा ठरवले, तर आकाशासारख्या सौम्य उतारांवर पट्टे उमटण्याचा धोका वाढतो.

डिस्प्लेकॅलमध्ये पॅनेलच्या बॅकलाइटला साजेशी करेक्शन फाइल निवडणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. साधा पांढरा एलईडी, पीएफएस फॉस्फर वापरणारा एलईडी आणि ओलेड यांच्या प्रकाशाची घडण वेगवेगळी असते, आणि चुकीची फाइल निवडली तर सगळे आकडे बरोबर येऊनही पांढऱ्यात गुलाबी किंवा हिरवट झाक राहते. प्रोफाइलचा प्रकार एक्सवायझेड लट अधिक मॅट्रिक्स ठेवावा आणि काहीशे रंगखुणांची मोजणी होऊ द्यावी.

त्यानंतर थ्रीडी लटच्या पानावर स्रोत म्हणून एसआरजीबी, टोन कर्व्ह म्हणून गॅमा २.२, रेंडरिंग इंटेंट (रंग बसवण्याची पद्धत) म्हणून रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, फाइलचा प्रकार क्यूब आणि आकार ६५ असे निवडावे. पांढरा आधीच जुळवलेला असल्यामुळे रिलेटिव्ह पुरेसा ठरतो. व्हीसीजीटी (पांढरा आणि राखाडी जुळवणाऱ्या एकमितीय वक्ररेषा) लागू करण्याची खूण तिथेच असते. ती केली असेल तर वक्ररेषा टेबलमध्येच येतात, म्हणून डिस्प्लेकॅलच्या प्रोफाइल लोडरने त्या ग्राफिक्स कार्डात पुन्हा चढवता कामा नयेत.

तयार झालेली क्यूब फाइल नोटपॅडमध्ये उघडून जरूर पाहावी. सुरुवातीच्या माहितीच्या ओळी सोडल्या की प्रत्येक ओळीत ० ते १ यांमधले तीन आकडे असतात. लाल सर्वांत वेगाने बदलत जातो, त्यामुळे आकड्यांची ६५वी ओळ शुद्ध लालाची असते. पूर्ण पी३ दाखवणाऱ्या मॉनिटरवर तिथे साधारण ०.९२, ०.२१, ०.१६ असे आकडे दिसावेत: लाल थोडा उतरलेला आणि त्यात हिरवा व निळा किंचित मिसळलेला. तिथे १, ०, ० असेल तर टेबल लालाला हात लावत नाही आणि स्रोत निवडताना काहीतरी चुकले आहे, असे समजावे.

आता डीडब्ल्यूएम लट प्रशासक म्हणून चालवून, मॉनिटर निवडून, एसडीआरच्या (एचडीआर नसलेल्या साध्या चित्राच्या) रकान्यात ही फाइल द्यावी आणि लागू करावी. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर तो बंद पडू शकतो, तेव्हा त्याची नवी आवृत्ती पाहावी. इथे अनेकांचा घात होतो तो दुहेरी दुरुस्तीने. टेबल लागल्यावर मॉनिटर बाहेरून एसआरजीबीसारखाच वागतो, म्हणून विंडोजच्या रंगव्यवस्थापनात त्याचे प्रोफाइलही एसआरजीबीच ठेवावे लागते. मोजणीतून बनलेले प्रोफाइल तिथे तसेच राहिले, तर फोटोशॉप त्याच रंगांना आणखी एकदा आवरते आणि चेहरे फिके, मलूल दिसू लागतात.

शेवटी टेबल चालू ठेवूनच पडताळणी करावी. डिस्प्लेकॅलमध्ये सिम्युलेशन प्रोफाइल म्हणून एसआरजीबी द्यावे आणि तेच डिस्प्लेचे प्रोफाइल मानण्याची खूण करावी. सरासरी डेल्टा ई (अपेक्षित आणि मोजलेल्या रंगातला फरक) १ च्या आसपास आणि सर्वाधिक ३ च्या आत असेल, तर फोटो आणि व्हिडिओच्या कामाला हा मॉनिटर निर्धास्तपणे वापरता येतो. राखाडी छटा चुकत असतील तर गेन आणि व्हीसीजीटी आधी तपासावेत. फक्त भडक रंगच चुकत असतील तर ६५व्या ओळीपासून पाहणी करावी. आकडे उत्तम असूनही पांढरा डोळ्यांना खटकत असेल, तर करेक्शन फाइल बदलून मोजणी पुन्हा करावी.